अक्काची तपासणी

"बरं आहे ना?" असं विचारणं आमच्या कस्तुराक्काला जमत नाही. ती विचारते, "तपासनी करी ली का?" आणि तेही भाजीच्या गाडीपाशी, चार घरं ऐकतील अशा आवाजात. कसली तपासणी, हे देवपुरात आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या रोगांचं नाव लोक डॉक्टरच्याही कानातच घेतात, त्यांची. पहिल्यांदा तिनं मला विचारलं तेव्हा शेजारी माझे सासरे उभे होते.

"लाज कसानी, भाऊ? खोकला दखाडाले लाजतस का तुम्ही?" सासरे पुढे पंधरा दिवस माझ्याकडे संशयानं बघत होते.

अक्का सत्तरीची, काटकुळी, आमच्या शेजारी एकटीच राहते. नवरा ट्रक चालवायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली.

आमच्या मागे हायवेलगत भाड्याच्या खोल्यांची नवी ओळ झाली आहे. पुरुष ड्रायव्हर नाहीतर हमाल, आठवडा आठवडा बाहेर. बायका गावाकडून नव्यानं आलेल्या, दार लावून आत. शेजारणीला शेजारणीचं नाव माहीत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सांगतात, या खोल्यांतून असे रोगी जास्त येतात आणि फार उशिरा येतात. आधी कुठल्यातरी तंबूतल्या वैद्याची पुडी घेऊन झालेली असते. आमच्या गल्लीचं यावर एकच मत, लोकच तसले. अक्का मात्र उसळते.

"लोके बठ्ठा सारखाच शेतस. रोग मानसले नही, गल्लीले व्हस. जठे सांगाले कोनी नही, तठे तो वाढस."

म्हणून ती रोज संध्याकाळी कुणी न बोलावता त्या खोल्यांच्या उंबऱ्यांवर जाऊन बसते. माहेर कुठलं, इथून सुरुवात करते आणि चहा संपायच्या आत तपासणीवर येते. काही घरांत तिला दुसऱ्यांदा चहा मिळालेला नाही.

तिथंच तिला दीपाली सापडली. असोद्याची लेक, पहिलटकरीण. (तिचं नाव मी बदललं आहे, तिला विचारूनच लिहितोय. अक्काचंही बदलणार होतो, तर ती भांडायला आली.) गरोदरपणात सगळ्यांचंच रक्त तपासतात, त्यात दीपालीला सिफिलिस निघाला. जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात, तो. इंजेक्शनानं तो बरा होतो, पण नवऱ्यानंही घ्यायला हवं. नाहीतर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं होतं, तरी पोरगी पुन्हा दवाखान्यात फिरकली नाही. या रोगांच्या तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेलं सगळ्या जगाला दिसतं ना!

अक्कानं मला गाडी काढायला लावली. पांझरेच्या पुलावरून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. अक्कानं स्वतःच्या नावानं नंबर लावला आणि बाकावर ऐसपैस बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मनी तपासनी शे. हाई पोर मनासंगे उनी." आत गेल्यावर कुणी कुणाला टोचलं, ते बाहेरच्यांना काय कळणार!

दोन दिवसांत देवपूरभर झालं, अक्काला या वयात भलताच रोग लागला. भजनी मंडळातल्या बायका सरकून बसू लागल्या. मी चिडलो, तर अक्का खुशीत. "बरं व्हयनं. पाय पसराले जागा व्हयनी."

खरी अडचण नवऱ्याची होती. नितीन म्हणू. मला काही झालेलं नाही, हे त्याचं पालुपद. एका सकाळी तो इंदूरला निघायच्या बेतात असताना अक्का त्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये चढली. चढली म्हणजे मी खालून ढकलली. पिशवी मांडीवर घेऊन ती म्हणाली, "गाडी दवाखानाकडे ले, नहीतर मालेबी इंदूरले ले. मी काही उतरत नही." नितीननं हॉर्न वाजवला, हात जोडले, माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. शेवटी ट्रक दवाखान्यासमोर जाऊन उभा राहिला.

दीपालीला मुलगी झाली. बाळाच्या तपासण्या होईपर्यंत आमच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं. डॉक्टरीणबाई वॉर्डात येऊन म्हणाल्या, "काही नाही हो, पोरगी ठणठणीत आहे." नितीन भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

अक्कानं बाळाला मांडीवर घेतलं. एरवी वॉर्डभर गेला असता असा तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"मनी पोर अशीच व्हती, भाऊ. नाक, डोया, बठ्ठं अस्सं. फक्त रडनी नही ती." तिनं दुपटं सारखं केलं. "मालेबी हाऊच रोग व्हता. नवरा गाडीवर. खोलीमा मी एकली. कोनले सांगतू?"

इतक्यात बाळ जागं झालं आणि त्यानं असा गळा काढला की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. दीपाली घाईनं त्याला घ्यायला वाकली.

अक्कानं हातानं तिला थांबवलं. "राहू दे वं माय," ती म्हणाली. "रडू दे तिले."