दोरपाळण्याची चकचकीत कडी

नमन अग्नीस, नमन लोहास, नमन धीरास. पैकी तिसऱ्या देवतेचे देऊळ या राज्यात बांधावयाचे अद्याप राहिले आहे. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, कार्तिक मासी दिवाण अंताजीपंत यांचे मनात आले की, माणसे दोरावरून गडावर नेणाऱ्या दोरपाळण्यास टांगण्याची नवी कडी करावी, आणि ती ओतून नव्हे, ठोकून नव्हे, तर नव्या विद्येने करावी. विद्या ऐशी की, पोलादाची भुकटी केसाएवढ्या थराने पसरावी, तेजाच्या किरणाने हवी तेथे वितळवावी, मग वर दुसरा थर, मग तिसरा, आणि ऐसे हजारो थर चढून वस्तू उभी राहते. कुशाबा ओतारी यांनी एका खेपेस तीन जुळ्या कड्या सिद्ध केल्या आणि परीक्षाखान्यात चिमाबाई तांबट यांजकडे धाडल्या. बाईंचे वडील भांड्यास टिचकी मारून आतली खोट सांगत, आणि ते दिवस बाईंस रोज आठवत. ही कडी टिचकीला खणखणीत बोलली, आणि बाईंस नेमके तेच आवडले नाही.

मग बाईंनी एक कडी ओढचक्रास लावली. चक्र दिवसास दहा हजार वेळा ओढी आणि सोडी. नऊ दिवस झाले, नव्वद हजार ओढी झाल्या, कडी तुटली नाही. मग बाईंनी ती चिरून पाहिली, आणि कातडीच्या किंचित आत, दोन थरांच्या मध्ये, न वितळलेली चपटी फट सापडली. कुशाबा म्हणाले, "बाई, शंभरात एक भागसुद्धा पोकळी नाही." बाई म्हणाल्या, "घागर रिकामी व्हायला शंभरात किती भाग भोक लागते, कुशाबा? गोल बुडबुडा परवडला, ही फट चाकूसारखी आहे. खोल आहे तोवर निजलेली आहे. हिला वर आणू नका." आणि तसे लिहून दिले. ते कोणी वाचले नाही. पंतांस कडीत आपले मुख दिसावे ऐशी इच्छा झाली, म्हणून उरलेल्या दोन्ही कड्या कानशीने घासून, पॉलिश करून आरशासारख्या केल्या. वरची कातडी गेली आणि फट उंबऱ्याशी आली. मग राज्याच्या रिवाजाप्रमाणे एका कडीस एकवार हत्ती टांगला, कडीस हार घातला, आणि ती मार्गशीर्षी पौर्णिमेस पाळण्यावर चढली. तिसरी पंतांनी मखमलीवर ठेवून कचेरीत मांडली.

पाळण्यात बसून तो चालवी ती बाईंची लेक रखमा. दिवसास चाळीस खेपा, प्रत्येक खेपेस कडीवर एक ओढ. बाईंनी मखमलीवरची कडी मागितली. उत्तर आले, शोभा जाईल. पुन्हा मागितली, सात महिने मागितली, आणि आषाढी पौर्णिमेस पंत परगावी असता शिपायाकडून उचलून आणविली. चक्रावर ती नऊ हजार ओढींत तुटली. बाईंनी हिशेब केला: रखमाच्या आठ हजार चारशे खेपा झाल्या होत्या.

बाई तशाच कचेरीत गेल्या आणि दोन्ही आकडे सांगितले. पंत परतले होते. म्हणाले, "चिमाबाई, अहो, हत्ती टांगला होता. तुमची रखमा हत्तीहून जड आहे काय?"

"हत्ती एकदा लोंबला, पंत. माझी लेक दिवसातून चाळीसदा लोंबते. लोखंड जडाला नाही, पुन्हा पुन्हाला कंटाळते."

"नऊ हजारांस सहाशे खेपा उरल्या. म्हणजे अजून पंधरा दिवस आहेत."

"जुळ्यांची पोटे सारखी नसतात. पाळण्यावरल्या कडीची फट मोठी असेल तर आजचा दिवसही नाही."

"तुम्हांस शंका फार, बाई."

"बरे. मग पुढली खेप रखमाऐवजी आपण करावी. मी खाली उभी राहून मोजते."

पंतांनी पागोटे सारखे केले, खिडकीबाहेर पाहिले, आणि मग हुकूम झाला की कडी धुण्यासाठी उतरवावी. रखमा अर्ध्या वाटेवर होती. ती सुखरूप खाली पोचली. कडी उतरवून चिरली तो फटीपासून तडा निघून निम्मी कडी खाऊन गेला होता, आणि त्यावर शिंपल्यासारख्या, हळूहळू वाढीच्या रेघा होत्या.

पुढे कुशाबा ओतारी कड्या तापवून चहूंकडून दाबू लागले, तेणेकरून आतल्या फटी मिटू लागल्या, आणि घासण्याआधी बाईंस विचारू लागले. अंताजीपंतांस दूरदृष्टीबद्दल मानपत्र मिळाले. रखमा परीक्षाखान्यात आली आणि आता चक्र तीच चालवते. दरबाराने रिवाज सुधारला: यापुढे प्रत्येक कडीस दोन हत्ती टांगावे. मग चिमाबाईंस शालजोडी देण्यास गडावर बोलाविले, आणि बाई जाताना नि येताना पायऱ्यांनी चालल्या.

तात्पर्य, राज्याची खोट आत असते, आणि राज्य वरून घासते. घडले तैसे लिहिले.