रहमतभाऊंचं लिनक्स

रहमतभाऊंच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या एकाही कॉम्प्युटरला झाकण नव्हतं. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या गावात हा वेडेपणाच. रोज सकाळी ते रंगाऱ्याचा ब्रश घेऊन सगळ्या यंत्रांची पोटं साफ करत, पण झाकण लावत नसत. पोरांना आतलं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वडिलांचं कुलपांचं दुकान होतं. त्यांना मुलाचा हा उघडा कारभार शेवटपर्यंत पटला नाही.

दोन हजारच्या आसपास मी तिथे शिकवत होतो. गावात सगळीकडे कचेऱ्यांतली नेहमीची सिस्टीम शिकवत, आमच्याकडे लिनक्स. पालक कुरकुरत. रहमतभाऊ त्यांना चहा पाजून समजावत, की ही सिस्टीम बनवलीच यासाठी, की कोणीही ती वापरावी, आत डोकावावं, हवं ते बदलावं आणि दुसऱ्यालाही द्यावी. ती कोणत्या भाषेत लिहिलीय, असं कोणी विचारलं की त्यांची कळी खुले. गाभा बहुतेक सगळा सी भाषेत, यंत्राला अगदी खेटून असलेला थोडा भाग असेंब्लीत, वरची कितीतरी कामं पर्ल नाहीतर पायथनमध्ये. "तुमी सिरोंच्याले तेलुगू बोलता, धानोऱ्याले गोंडी. तसंच हे," म्हणत ते दुसरा चहा मागवत.

एकदा त्यांच्या पत्नी, खैरूनभाभी, क्लासमध्ये आल्या. माहेर सिंदेवाहीकडचं, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. हौसेनं बसल्या, काहीतरी चुकलं आणि पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली. भाभी उठल्याच.

"हा मले रागावून राह्यला," म्हणाल्या, आणि पुन्हा फिरकल्या नाहीत.

त्यानंतर रहमतभाऊ सिस्टीमच्या आत शिरले आणि तिथली वाक्यं शोधून मराठीत लिहू लागले. गावच्या पोरांसाठी करतोय, असं मला सांगितलं. जोडाक्षरं तुटत, वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटत. हिवाळा त्यातच सरला.

मग एका दुपारी ते भाभींना घेऊन आले. भाभींनी भीत भीत दोन-चार अक्षरं दाबली. उमटलं, 'ही आज्ञा सापडली नाही.' त्यांनी ते सावकाश वाचलं.

"हे तर शाळेतल्या मास्तरीणबाईवानी बोलते," त्या म्हणाल्या. "आपल्यात असं कोण बोलते? 'मिळून नाई राह्यलं, अजून एकदा पाहा,' असं लिहा ना."

रहमतभाऊंनी लगेच स्टूल ओढलं. पोरं येऊन ताटकळली, तरी त्यांनी मान वर केली नाही. भाभी शेजारी बसून एकेक शब्द तपासत होत्या.

पुढे क्लासमध्ये येईल त्याला, मग तो विजेचं बिल द्यायला आलेला का असेना, ते आधी ती ओळ दाखवत. आत शिरून अक्षर न् अक्षर त्यांनीच बसवलेलं. पण छाती फुगवून सांगत, "हे आमच्या बेगमनं लिवलं."