बाईसाहेबांचं पोट

बाईसाहेबांच्या पोटावर बशीएवढं टक्कल पडलंय हे टोपवाल्याच्या लक्षात आलं, तेव्हा बाईसाहेब ते ताटाएवढं करण्याच्या कामात गर्क होत्या. मागचा एक पाय तंबोऱ्यासारखा उभा धरून त्यांचं चाटणं चाललं होतं, आणि जिभेच्या प्रत्येक फटक्याला दोन-चार पांढरे केस हवेत उडत होते.

बाईसाहेब हे आत्याच्या मांजरीचं नाव. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी निघाली, तेव्हा मांजर भाच्याकडे सोपवण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. भाच्याची कीर्ती तिला ठाऊक होती. तिची छत्री, सायकल, शिवणयंत्र आणि एक बऱ्यापैकी चांगला कुत्रा, यांतलं काहीही त्याच्याकडून धड परत आलं नव्हतं.

"ठोंब्या," ती निघताना म्हणाली होती, "ही जशी देतेय, तशी परत हवी."

"एक केस कमी होणार नाही, आत्या!" टोपवाला छाती फुगवून म्हणाला होता. आता तो हवेत उडणारे केस मोजत उभा होता. नाटकांसाठी केसांचे टोप करणं हा त्याचा धंदा. गावभरच्या टकलांवर केस चढवणाऱ्या माणसाच्या घरात एक मांजर दिवसाढवळ्या टकली होत होती.

"उकाड्यामुळे असेल," बायको म्हणाली. ती मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ लोक भिंतीच्या दिशेने गाडी नेत असताना शांत बसायची तिला सवय होती. "आणि तू तिच्याकडे टक लावून बघू नकोस. बिचकते ती."

"मी बघणार. आणि केस परत उगवून दाखवणार. आत्याला मांजर अख्खी मिळाली नाही, तर नाव लावणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी मांजर उलटीपालटी करून तपासली. पिसवा नव्हत्या, खरूज नव्हती, खाण्यापिण्याचंही सगळं ठीक होतं.

"मन लागत नाहीये हिचं," त्या म्हणाल्या. "जागा बदलली, माणसं बदलली. मांजरं मग चाटत सुटतात. घरात शांतता ठेवा, खेळवा, आणि तोवर हे गळ्यात घाला."

हे म्हणजे प्लॅस्टिकचं नरसाळं. ते घातल्यावर बाईसाहेब जुन्या ग्रामोफोनसारख्या दिसू लागल्या. वाटेत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्या धडकू लागल्या आणि तासाभरात दोन बरण्या, एक आरसा आणि नाटकातल्या सेनापतीच्या नकली मिशा जमीनदोस्त झाल्या. टोपवाल्याने हार मानली नाही. त्याने नरसाळ्याऐवजी मऊ कापडाची गळपट्टी शिवली. बाईसाहेबांनी ती काढली. त्याने पोटाला अंगरखा शिवला. तोही त्यांनी काढला, आणि बदला म्हणून शेपटीचं टोक चाटायला घेतलं.

"आता दोन्हीकडून सुरू झाली," बायको म्हणाली. "तू अजून थोडे प्रयत्न कर, म्हणजे मधलंही संपेल."

तो चिडून कामाला बसला. एका नाटकातल्या म्हातारीचा टोप पुरा व्हायचा होता, पांढरेशुभ्र केस आणि मानेवर घट्ट अंबाडा. शेवटचा टाका झाला की टोप स्वतःच्या डोक्यावर चढवून बघायचा, ही त्याची जुनी पद्धत. त्याने तो चढवला मात्र, बाईसाहेब टेबलावरून थेट त्याच्या खांद्यावर आल्या. त्यांनी अंबाडा हुंगला, दोनदा चाटला, मानेत तोंड खुपसलं आणि त्या पाण्याच्या मोटारीसारख्या घुरघुरू लागल्या. पोट चाटायचं त्यांना सुचलंही नाही.

टोपवाल्याने श्वास रोखून आत्याला फोन लावला.

"आत्या, सहज विचारतोय. सकाळी बाईसाहेब काय करतात?"

"माझा पेपर वाचून होईस्तोवर खांद्यावर बसते नि अंबाडा चाटते. का रे? काय झालं?"

"कुठे काय? मजेत आहे!"

"ठोंब्या, तू 'मजेत' म्हणालास की मला धडकी भरते."

दुसऱ्या दिवशी नाटक कंपनीचा व्यवस्थापक टोप न्यायला आला.

"म्हातारी झाली का?"

"नाही मिळणार म्हातारी," टोपवाला म्हणाला. टोप त्याच्या डोक्यावर होता, अंबाड्याला मांजर होती. "तब्येतीचं कारण आहे."

"अहो, संध्याकाळी प्रयोग आहे माझा! म्हातारी दुसऱ्या अंकात मरते. टोपाशिवाय कशी मरणार?"

"न्यायाधीशाचा टोप तयार आहे. तो घालून मरू दे."

व्यवस्थापकाने मांजरीकडे पाहिलं. मांजरीने व्यवस्थापकाकडे पाहिलं. तो न्यायाधीश घेऊन गेला. त्या संध्याकाळी म्हातारी मेली तेव्हा प्रेक्षक म्हणे आदराने उभे राहिले.

मग टोपवाल्याने मागे वळून पाहिलं नाही. पाहताही येत नव्हतं, मानेवर मांजर असायची. रोज सकाळी तो अंबाडा चढवून, खांद्यावर शाल घेऊन पेपर वाचू लागला. केस मांजरीच्या पोटात जाऊ नयेत म्हणून डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून त्याने अंबाड्यावर घट्ट जाळी शिवली. सांगताना त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. बायकोचे शिकाऊ दारातून त्याला "नमस्कार, आजी" म्हणून जायचे. तोही मान डोलवून आशीर्वाद द्यायचा. लाज वाटून घ्यायला त्याला वेळ नव्हता. आधी लव आली, मग मखमल आली, आणि आत्या परतायच्या दिवशी बाईसाहेबांचं पोट कापसाच्या गादीसारखं भरलेलं होतं.

आत्या दारात उभी राहिली आणि टोपवाला तिच्या डोक्याकडे बघतच राहिला. आत्याचा अंबाडा गायब होता. केस मुलासारखे बारीक कापलेले होते.

"बघतोस काय? बाळ केस ओढायचं, दिले कापून. डोकं कसं हलकं झालंय!" आत्याने मांजर उचलली, उलटी केली, पोट पाहिलं, शेपूट पाहिली. तिच्या चेहऱ्यावर जन्मात पहिल्यांदा भाच्याबद्दल आदर उमटला. "ठोंब्या, अख्खी आहे रे!"

बाईसाहेबांनी आत्याचं डोकं हुंगलं. इकडून हुंगलं, तिकडून हुंगलं. मग त्या खाली उतरल्या, कोपऱ्यात बसल्या आणि त्यांनी मागचा पाय तंबोऱ्यासारखा वर केला.

टोपवाल्याला सगळं कबूल करावं लागलं. आत्याने ऐकून घेतलं.

"तुझ्या मापाचा अंबाडा उद्या करून देतो, आत्या," तो घाईघाईने म्हणाला.

"मी पुन्हा ते ओझं डोक्यावर घेणार नाही."

"मग मांजर?"

आत्याने त्याच्याकडे वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं.

आता रोज सकाळी टोपवाला पिशवीत अंबाडा घालून आत्याच्या घरी जातो. तिच्या खुर्चीत बसतो, तिची शाल घेतो, तिचा पेपर उघडतो. मांजर खांद्यावर चढते. समोर आत्या चहा पीत बसलेली असते, मोकळ्या मानेची आणि अत्यंत बारीक लक्ष असलेली.

"ताठ बस," ती म्हणते. "पोक काय काढतोस? मी अशी बसत नाही."