सात गतिरोधक आणि एक लाल गाडी

मापकाका जुनी स्पोर्ट्स कार घेणार आहेत, ही बातमी वसाहतीत पसरली तेव्हा कुणाचाच विश्वास बसेना. हा माणूस टूथब्रश घ्यायचा झाला तरी दोन दुकानं फिरायचा आणि दुसऱ्या दुकानात जाताना पहिल्या दुकानातल्या ब्रशची लांबी कागदावर लिहून न्यायचा. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची तीस वर्षं झाली होती. बाजारात त्यांनी न तपासलेला तराजू शोधून सापडला नसता. खिशात पेन नसलं तरी चालेल, पण पोलादी टेप हवीच. वसाहतीतली मुलं त्यांना तोंडावर मापकाका म्हणत, आणि मोठी माणसं त्यांची पाठ वळल्यावर.

गाडीमागे कारण होतं. एकतीस वर्षांपूर्वी, लग्नाला जेमतेम महिना झालेला असताना, ते आणि त्यांची बायको बसच्या थांब्यावर उभे होते. बायको नुकतीच शाळेत गणित शिकवायला लागली होती. समोरून एक लाल, बसकी, दोनच माणसांची गाडी झुर्रकन गेली. मापकाका (तेव्हा अजून काका व्हायचे होते) जोशात म्हणाले, "एक दिवस तुला अशा गाडीतून शाळेच्या फाटकापर्यंत सोडीन."

"बरं," बायको म्हणाली.

मग नऊ नंबरची बस आली, आणि ती पुढे एकतीस वर्षं येत राहिली. बायकोच्या बाई झाल्या, बाईंच्या मोठ्या बाई झाल्या, बस मात्र तीच. आता या महिन्याच्या अखेरीला मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. शाळेत निरोपाचा समारंभ ठरला होता. वचन पाळायला मापकाकांच्या हातात सव्वीस दिवस उरले होते. बाईंनी त्या 'बरं'ची आठवण इतक्या वर्षांत एकदाही करून दिली नव्हती, आणि मापकाकांना नेमकं तेच खुपत होतं.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात ते बासष्ट प्रश्नांची यादी घेऊन गेले.

"साहेब, ही बघा," विक्रेता म्हणाला. "एका डॉक्टरांची होती. फक्त रविवारी बाहेर काढायचे."

"आणि बाकीचे सहा दिवस?"

"पुसायचे."

गाडी लाल होती, बसकी होती, दोन माणसांची होती. मापकाकांचं काळीज लगेच विरघळलं, पण टेप विरघळली नाही. त्यांनी लांबी घेतली, रुंदी घेतली, दाराची उंची घेतली, स्टिअरिंगपासून स्वतःच्या पोटापर्यंतचं अंतर घेतलं (ते फार वेळ लागावा असं नव्हतं). मग रुमाल अंथरून ते जमिनीवर आडवे झाले आणि गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं. चौदा सेंटिमीटर.

"बारा आणि चौदा," ते पडल्यापडल्याच म्हणाले. "दोन शिल्लक. जमलं!"

विक्रेत्याला यातलं काही कळलं नाही. पण गिऱ्हाईक 'जमलं' म्हणाल्यावर प्रश्न विचारणारा तो नव्हता.

यातले बारा कुठून आले ते सांगायला हवं. वसाहतीपासून शाळेपर्यंत जाणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर सात गतिरोधक होते, आणि ते सातही मापकाकांनी बसवून घेतले होते. शाळेची मुलं रस्ता ओलांडतात, बाईही ओलांडतात, आणि गाड्या भरधाव जातात, म्हणून त्यांनी रस्ते खात्याला चार वर्षं पत्रं लिहिली. शेवटी तिथला इंजिनिअर हात जोडून म्हणाला, "साहेब, माप तुम्हीच द्या, आम्ही बांधतो." मापकाकांनी माप दिलं : बारा सेंटिमीटर. नुसतं दिलं नाही, रजा टाकून सातही ठिकाणी टेप घेऊन उभे राहिले. मिलिमीटरचा फरक दिसला की परत उकरायला लावायचे. तेव्हापासून वसाहतीचे अध्यक्ष कमरेला पट्टा बांधून गाडी चालवत आणि मनातल्या मनात मापकाकांचा उद्धार करत.

गाडी दारात आली तेव्हा बाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आत कसं जायचं?"

मापकाकांनी दाखवलं. आधी पाठ आत घालायची, मग स्वतःला सोडून द्यायचं, मग पाय एकेक करून ओढून घ्यायचे. उतरायचं म्हणजे याच्या उलट, फक्त मध्ये एक गुडघा रस्त्यावर टेकायचा. तसा तो टेकलेला असतानाच वरच्या गॅलरीतून अध्यक्षांचा आवाज आला, "काय काका, काही सापडत नाहीये का?"

पहिला आठवडा स्वर्गसुखाचा गेला. मापकाका एकटे ऑफिसला जात, सातही गतिरोधक अलगद पार करत आणि प्रत्येक वेळी स्वतःशीच "दोन शिल्लक" असं पुटपुटत. ऑफिसातली मंडळी खाली येऊन गाडी बघून गेली. तपासणीची वजनं काही तिच्या डिकीत मावली नाहीत, त्यामुळे बाजारात जायला खात्याची जीपच लागायची. पण जीपमध्ये बसूनसुद्धा ते मागे वळून गाडीकडे बघत राहायचे, नव्याने शाळेत घातलेल्या मुलाकडे बघावं तसे.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी रंगीत तालीम काढली. बाई शेजारी बसल्या. वसाहतीच्या फाटकाबाहेरचा पहिला गतिरोधक आला, आणि गाडीच्या पोटाखालून असा काही खर्रर्र आवाज निघाला की झाडावरचे कावळे उडाले.

"काय झालं?"

"काही नाही. रस्ता."

दुसऱ्या गतिरोधकाआधी त्यांनी गाडी थांबवली. घसा खाकरला. काचेवर नसलेली धूळ पुसली.

"अगं, जरा उतरतेस का? एक मिनिट फक्त."

बाई उतरल्या. गाडी अलगद पलीकडे गेली. बाई चालत पलीकडे गेल्या आणि पुन्हा बसल्या. तिसऱ्याला तेच, चौथ्याला तेच. पाचव्यापाशी उतरल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "तुम्ही या सावकाश. मी होते पुढे." आणि मापकाका दर गतिरोधकाला उतरून गाडीखाली टेप लावत शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा बाईंचं तिथल्या बाकावर बसून शिपायाच्या मुलीचं गणित तपासून झालं होतं.

मेकॅनिकने गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"स्प्रिंगा थकल्यात काका. एक माणूस झेपतो, दोन झाली की खाली बसते. नव्या मागवायच्या तर दोन महिने."

"माझ्याकडे सोळा दिवस आहेत."

"मग वजन कमी करा."

मापकाकांनी वजन कमी करायला घेतलं. स्टेपनी गेली, जॅक गेला, पायपुसणी गेली, रेडिओ गेला. डॅशबोर्डच्या कप्प्यात डॉक्टरांची राहिलेली खोकल्याची बाटली होती, तीही गेली. गाडी आतून रिकाम्या डब्यासारखी वाजायला लागली, पण पोट काही बारा सेंटिमीटरच्या वर राहीना. आता काढण्यासारखं काय उरलं, याचा विचार करायला ते कागद घेऊन बसले. कागदावर गाडीचं वजन लिहिलं, पेट्रोलचं लिहिलं, स्वतःचं लिहिलं, आणि जे उरलं त्याला 'ब' असं नाव दिलं. (आपल्या बाजूने हिशोबात काही चूक असेल अशी शंका त्यांना स्वप्नातसुद्धा आली नाही.)

संध्याकाळी तो कागद बाईंच्या हातात होता.

"हा 'ब' कोण?"

"बॅटरी," मापकाका म्हणाले.

"'बॅटरीचं रात्रीचं जेवण निम्मं करून बघावं,' असं खाली लिहिलंय."

मापकाकांनी पंख्याकडे बघितलं. पंख्याकडूनही काही मदत आली नाही.

"उद्या ऑफिसातला काटा घरी घेऊन या," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. वर्गातही त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि म्हणूनच वर्ग चिडीचूप असे.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत माणसं उभी राहू शकतील असा मोठा काटा येऊन बसला. बाई त्यावर चढल्या. छप्पन्न किलो.

"आता तुम्ही."

"माझं मला माहीत आहे. चौसष्ट."

"कधी केलं होतं?"

"नोकरीला लागलो तेव्हा. सेवापुस्तकात नोंद आहे. शिक्क्यासकट."

"दुकानदारांचे काटे किती दिवसांनी तपासता?"

"दर वर्षी. कायदाच आहे तसा."

"उभे राहा."

मापकाका उभे राहिले. काट्याने ब्याण्णव दाखवलं.

ते खाली उतरले. काटा सपाट जमिनीवर आहे ना ते बघितलं. पिशवीतून तपासणीचं वीस किलोचं वजन काढून काट्यावर ठेवलं. बरोबर वीस. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा काटा खोटा निघावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते बूट काढून पुन्हा चढले, श्वास रोखून धरला, डोळेसुद्धा मिटले. ब्याण्णव. काट्याच्या बाजूला त्यांच्याच सहीची, याच वर्षीची, 'अचूक' अशी चिठ्ठी होती.

"काटा बरोबर आहे," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त तो कागद घेतला, 'ब' वर काट मारली आणि मापकाकांच्या हातात परत दिला. मापकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेले दोन दिवस बायकोच्या ताटाकडे ते ज्या नजरेने बघत होते, ती त्यांना आता स्वतःचीच लाज वाटायला लावत होती.

त्यांनी दोन आठवडे स्वतःचं जेवण निम्मं केलं. वजन सातशे ग्रॅम उतरलं. बाईंच्या मते तेही बहुतेक केस कापल्यामुळे.

समारंभाचा दिवस उजाडला. कार्यक्रम साडेदहाला होता. मापकाकांनी गाडी पुसली, बूट पुसले, चष्मा पुसला आणि बाईंसाठी दार उघडून धरलं. गाडी दहा वाजून सतरा मिनिटांनी निघाली (बसण्यात थोडा वेळ गेला) आणि तीन मिनिटांत पहिल्या गतिरोधकापाशी थांबली.

"अगं..." मापकाकांनी सुरुवात केली.

"आज तुम्ही उतरा," बाई म्हणाल्या.

"मी? मग गाडी कोण चालवणार?"

"मी."

मापकाका हसले. "अगं, हिला गिअर आहेत!"

"बाबांच्या बेकरीची व्हॅन लग्नाआधी चार वर्षं मीच चालवत होते. लायसन्स दर वेळी नवं करून घेतलंय."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही गाडी कधी आणलीत?"

मापकाका गुडघा टेकून उतरले. बाई सरकून स्टिअरिंगपाशी बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, गिअर टाकला आणि गाडी गतिरोधकावरून अशी गेली की खाली पाव ठेवला असता तर तोही चेपला नसता. मापकाकांनी नकळत टाळ्या वाजवल्या. मग ते धावत पलीकडे गेले आणि दाराला हात घातला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला बसायला किती वेळ लागतो?"

हा आकडा मापकाकांनी अर्थातच घड्याळ लावून काढलेला होता. "चाळीस सेकंद."

"आणि उतरायला?"

"एक मिनिट दहा."

"अजून सहा गतिरोधक आहेत. म्हणजे अकरा मिनिटं नुसती चढण्याउतरण्यात. आत्ता दहा बावीस झालेत."

मापकाकांनी बोटांवर हिशोब पुन्हा करून बघितला; अकराच. मागे अध्यक्षांची गाडी आली होती आणि अध्यक्ष आयुष्यातली सगळी कंबरदुखी हॉर्नवर काढत होते.

"मागून या हं," बाई म्हणाल्या. मग क्षणभर त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं. "गाडी छान आणलीत. अगदी तशीच आहे." आणि त्या निघून गेल्या.

मापकाका रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत राहिले. दुसऱ्या गतिरोधकापाशी लाल दिवे लुकलुकले, गाडी अलगद वर गेली, अलगद खाली उतरली. त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला. तिला अजून आठवत होतं तर! एकतीस वर्षांनी वचन पुरं होत होतं, फक्त ते देणारा माणूस फुटपाथवर राहिला होता.

पुढच्याच थांब्यावर उभी असलेली नऊ नंबरची बस भरलेली होती. पुढून तिसऱ्या ओळीत खिडकीची एक जागा मात्र रिकामी दिसली. मापकाका तिथे टेकणार इतक्यात कंडक्टरबाई ओरडल्या, "ओ, तिथे नका बसू! ती मोठ्या बाईंची जागा आहे."

"त्या आज येणार नाहीत," मापकाका म्हणाले.

"ते माहीत आहे आम्हाला. आत्ता पुढे गेल्या की, लाल गाडीतून. स्वतः चालवत होत्या! हात केला मला. म्हणून काय झालं? आज त्यांचा शेवटचा दिवस, आज त्या जागेवर कुणी बसायचं नाही."

मापकाकांनी मुकाट्याने वरची दांडी धरली. तेवढ्यात दुसरा गतिरोधक आला. अख्खी बस उडाली, खाली आदळली, आणि मागच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी कळवळून विचारलं, "कुणी बांधलेत हो हे?"

"असेल कुणीतरी घरी बसून माप देणारा," कंडक्टरबाई म्हणाल्या.

मापकाकांनी खिशातली टेप आणखी आत ढकलली.

"बाई एकट्याच होत्या पण गाडीत," खिडकीशी बसलेली नर्स म्हणाली. "शेजारची सीट रिकामीच होती. मिस्टर नाहीत का त्यांना?"

"कोण जाणे," कंडक्टरबाई तिकीट फाडत म्हणाल्या. "एकतीस वर्षांत एकदाही सोडायला आलेले नाही कुणी बघितले. असते तर आज तरी आले असते ना?" आणि मापकाकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जरा मागे सरका काका, दोन माणसांची जागा अडवलीत."

मापकाका मागे सरकले. पुढे अजून पाच गतिरोधक होते.