बदललेल्याच फायली

कार्यालयातल्या संगणकांची प्रणाली अद्ययावत करायचे ठरले, तेव्हा साहेबांनी परिपत्रक काढले. नव्या डिस्कवर फक्त बदल झालेल्या फायली न्याव्यात. बाकीच्या गेल्या वेळीच नेल्या आहेत असे गृहीत धरून जुनी डिस्क भंगारात द्यावी. गेल्या वेळी कोणी काहीच नेले नव्हते, पण गृहीत धरायला कोणाची हरकत नव्हती.

अडचण झाली ती आमच्या आवक-जावक कारकुनाची. त्याची बायको-मुलगी दुसऱ्या गावी. बदलीचा अर्ज सात वर्षे त्या डिस्कवर पडून, आणि आता कुठे रांगेत त्याचा नंबर दुसरा लागला होता. तो संगणकवाल्या बाईंकडे गेला.

"यादीत येत नाहीये तुमचा अर्ज," बाई म्हणाल्या. "काही बदलच नाही ना त्यात. साहेबांनी उघडलासुद्धा नाहीये."

"मग मीच बदलतो काहीतरी."

"बदला. पण खरा बदल हवा हं, उगाच टिंब-बिंब नको. साहेब माझ्यावर डाफरतात."

खरा बदल शोधायला त्याला डोके खाजवावे लागले नाही. 'मुलगी तीन वर्षांची असून मला ओळखत नाही,' असे अर्जात होते. त्याने तीनचे दहा केले. पुढचे तसेच ठेवले. मी शेजारीच बसलो होतो. मला फार वाईट वाटले.

बातमी फुटली. दुपारपर्यंत जो तो आपापल्या अर्जात बदल करू लागला. आमच्या कार्यालयात इतके काम मी कधी पाहिले नव्हते. खिडकीवर आलेल्यांना अर्थातच 'काम चालू आहे, नंतर या' असे सांगण्यात आले.

संध्याकाळी साहेबांनी कारकुनाला बोलावले.

"अर्जात बदल केलात?"

"हो साहेब."

"म्हणजे हा नवा अर्ज झाला. आजच्या तारखेचा. नंबर एकशे बारा."

"आणि नसता बदलला तर?"

"तर आलाच नसता. नियम सगळ्यांना सारखा."

कारकून "बरं" म्हणून जागेवर येऊन बसला. त्याचे निदान एकशे बारावे नाव तरी आहे.

तुमचाही एक अर्ज आमच्याकडे होता. तुम्ही दर महिन्याला खिडकीशी येऊन 'काही हालचाल?' विचारायचात, आम्ही 'चालू आहे' म्हणायचो, आणि तुम्ही आभार मानून निघून जायचात. जुनी डिस्क काल भंगारवाला घेऊन गेला. तुमचे आभार मात्र वेळोवेळी पोहोचले.