ठमीची बाटली आणि नाकोबाचं नाक

“बाटली मी निवडणार! कुणी मध्ये पडायचं नाही!” असं नाकोबाने जाहीर केलं तेव्हा घरात दोनच माणसं होती. एक त्याची बायको, जिच्या मनात मध्ये पडायचं आलंही नव्हतं. दुसरी त्यांची तान्ही ठमी. तिने जांभई दिली.

नाकोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. साबणाच्या कारखान्यात तो वासाचा माणूस होता. कोणत्या वडीत कोणता वास किती घालायचा हे त्याचं नाक ठरवायचं, म्हणून कारखान्याने त्याला हे नाव बहाल केलं आणि तेच घरापर्यंत आलं. सध्या तर त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्याने स्वतः घडवलेला रातराणीच्या वासाचा नवा साबण लवकरच बाजारात येणार होता. त्याच्या वड्या घरात न्हाणीघरापासून कपड्यांच्या कपाटापर्यंत सगळीकडे होत्या. दमून आरामखुर्चीत पडला की डोळे मिटताच त्याला साऱ्या शहरावर पांढऱ्या फेसाचे ढग तरंगताना दिसत आणि लोक खिडक्यांतून मान बाहेर काढून म्हणत, वा!

पण बाटलीचं प्रकरण गंभीर होतं. त्याची बायको नकाशे काढायची. सोमवारी तिची रजा संपत होती, आणि तिच्या कचेरीने तिच्यासाठी एक काम राखून ठेवलं होतं: एका नदीचा, उगमापासून समुद्रापर्यंतचा नकाशा. या कामाची ती लग्नाआधीपासून वाट पाहत होती. रजा वाढवली तर नदी दुसऱ्याच्या टेबलावर वाहायला लागणार! नाकोबाने म्हणूनच रजा टाकली होती. सोमवारपासून ठमीला दिवसभर तोच सांभाळणार होता. मात्र ठमीने तोवर बाटलीने दूध प्यायला शिकायलाच हवं होतं.

“काही प्लॅस्टिकमधून म्हणे घातक रसायन दुधात उतरतं,” बायको म्हणाली. “ते बीपीए का काय. तेवढं बघून घे.”

“बघायचं कशाला? हुंगायचं! माझ्या नाकापुढे रसायन लपेल?”

दुसऱ्याच दिवशी तो सासऱ्यांच्या दुकानात हजर झाला. सासऱ्यांचं प्लॅस्टिकच्या वस्तूंचं दुकान होतं. बादल्या, टोपल्या, डबे, आणि एका फळीवर बाळांच्या बाटल्या. जावई आलेला पाहून सासऱ्यांना केवढा आनंद झाला! पण जावयाने बाटलीचं झाकण उघडलं, नाक आत खुपसलं, डोळे मिटले आणि मान हलवली.

“उंहू.”

दुसरी बाटली. “छे!”

तिसऱ्या बाटलीशी तर तो अर्धं मिनिट तसाच उभा राहिला, आणि मग मोठ्याने म्हणाला, “बाबा, याच्यात काहीतरी आहे. गोडसर. घातक!”

टोपली विकत घेणाऱ्या एका बाईने टोपली खाली ठेवली. डबे बघणाऱ्या गृहस्थांनी डब्याचा वास घेतला आणि काढता पाय घेतला. बघता बघता दुकान रिकामं!

“जावईबापू,” सासरे दात आवळून म्हणाले, “हे दुकान आहे, बाग नव्हे! त्या बाटल्यांवर स्पष्ट छापलंय, बीपीए नाही म्हणून!”

“छापायला काय जातंय, बाबा? नाक खोटं बोलत नाही.”

सासऱ्यांनी आणखी तीन कोऱ्या बाटल्या त्याच्या पिशवीत कोंबल्या. “घरी नेऊन हुंगा! पोटभर हुंगा!” असं म्हणून ते जे पाठ फिरवून बसले, ते तो पार रस्त्याच्या वळणावर जाईपर्यंत.

घरी आल्यावर नाकोबाच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. उकळलं की लपलेला वास वर येईल! त्याने तिन्ही बाटल्या पातेल्यात टाकल्या, गॅस मोठा केला आणि शेजारी खुर्ची ओढून बसला. बायको आणि ठमी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. दुपार होती. पाणी बुडबुडत होतं, पडदा हलत होता, वाफ छताकडे चालली होती. ठमी आल्यापासून त्याची सलग झोप अशी झालीच नव्हती. वाफेतून एक बाटली वर आली आणि तरंगत खिडकीकडे निघाली. तिच्यामागे दुसरी. मग कितीतरी, आणि प्रत्येकीत बसून एकेक ठमी त्याला हात करत होती. किती सुंदर! तो त्यांच्यामागून चालत ढगात शिरला. ढग उबदार होता, मऊ होता, फक्त जरा जळका होता.

“अरे, काय जळतंय!”

पाणी केव्हाच आटलं होतं. तीन बाटल्यांचा मिळून एक गोळा झाला होता आणि घर काळ्या धुराने भरलं होतं. बायको ठमीला छातीशी धरून जिन्यात उभी, शेजारचे सगळे दारात, आणि मधोमध नाकोबा पातेलं घेऊन!

“आला,” तो खोकत म्हणाला. “वास आला.”

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पातेलं पाठीमागे लपवलं. मग तिने जिन्यातूनच ठमीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. बहुधा हसू आवरत असाव्यात.

“त्या रसायनाचा असा वास येत नसतो हो,” त्या म्हणाल्या. “बाटलीवर काय छापलंय ते वाचायचं. चरे पडले की बाटली टाकून द्यायची. कढत दूध प्लॅस्टिकमध्ये ओतायचं नाही. आणि फारच धास्ती वाटत असेल तर काचेची घ्या. पण नाक कृपा करून आवरा!”

नाकोबाचं तोंड एवढंसं झालं. वास येत नसतो! मग दुकानात तो गोडसर वास कसला होता? पण विचार करायला उसंत नव्हती. त्याच संध्याकाळी काचेची बाटली आली. सुरेख, जाड, उजेडात धरली की भिंतीवर छोटंसं इंद्रधनुष्य पाडणारी. नाकोबाने आपले हात साबणाने खसाखसा धुतले, जंतू नकोत म्हणून पुन्हा धुतले, बायकोने काढून ठेवलेलं दूध बाटलीत भरलं आणि ठमीला मांडीवर घेतलं.

ठमीने बाटलीकडे पाहिलं. मग बापाकडे. आणि तिने असं भोकाड पसरलं की खिडकीवरचं पाखरू उडालं.

तो पुन्हा हात धुऊन आला. पुन्हा भोकाड! बूच बदललं, दूध कोमट केलं, गाणं म्हटलं. जितके हात धुवावेत तितकी ठमी जास्त रडे. रविवार उजाडला तरी बाटलीतलं थेंबभर दूध तिच्या पोटात गेलं नव्हतं.

“मी कळवून टाकते,” बायको हळूच म्हणाली. “रजा वाढवते. नदी काय, पळून थोडीच जाते?” पण हे बोलताना ती ठमीच्या पाठीवर बोटाने वळणं काढत होती, एक लांब, नागमोडी रेघ, खांद्यापासून कमरेपर्यंत. ते पाहून नाकोबाने स्वतःचंच नाक चिमटीत धरलं. एवढं मोठं नाक, आणि हिच्या काही उपयोगाचं नाही!

तेवढ्यात बेल वाजली. दारात सासरे. रुसवा अजून चेहऱ्यावर होता, पण नातीला पाहिल्याशिवाय त्यांना राहवेना.

“आत येत नाही मी,” ते आत येत म्हणाले. “एवढंच सांगायला आलोय. जावईबापू, माझ्या बाटल्यांना वास येतो म्हणालात ना? तुम्ही गेल्यावर मी स्वतः हुंगल्या. येतो!”

“बघा!” नाकोबा उठलाच.

“रातराणीचा येतो! तुम्ही हात लावलेल्या प्रत्येक बाटलीला! तेव्हापासून दुकानात रातराणी फुललीय. लोक विचारतात, अत्तरं कधीपासून ठेवायला लागलात?”

बायको उठली, नवऱ्याजवळ गेली, तिने त्याचा हात नाकाशी धरला आणि ताबडतोब सोडला.

“अगं बाई! मलाही सवय झाली होती रे! ही पोरगी बाटलीला नाही, तुला रडतेय!”

मग काय, नाकोबाची धुलाई झाली. साध्या पाण्याने, डोक्यापासून पायापर्यंत, दोनदा. पण त्याचा एकूणएक सदरा रातराणीत मुरलेला होता. शेवटी बायकोने आपला रोजचा जुना, कपाटात कधी न गेलेला, फुलाफुलांचा गाऊन त्याच्या गळ्यात घातला. सासऱ्यांनी सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं.

ठमीला मांडीवर ठेवलं. तिने गाऊनला नाक घासलं, एक हुंदका दिला आणि काचेच्या बाटलीचं बूच तोंडात धरलं. चुटुक. चुटुक. चुटुक. इंद्रधनुष्य तिच्या गालावर थरथरत होतं. नाकोबाच्या डोळ्यांत पाणी आलं, पुसायला गाऊनची बाही होतीच. बायकोने पेन्सिलींना टोक काढायला घेतलं.

सोमवारी ती नदीकडे गेली. वड्या सगळ्या कारखान्यात परत गेल्या. आठवडाभर नाकोबा गाऊनमध्ये होता. दुपारी बाटली रिकामी झाली की दोघं आरामखुर्चीत झोपत, आणि आता त्याच्या स्वप्नातल्या ढगांना दुधाचा वास यायचा.

अशाच एका दुपारी कारखान्याचे मॅनेजर आले. त्यांनी गाऊन पाहिला, न पाहिल्यासारखं केलं आणि खोक्यातून एक वडी काढून पुढे केली.

“जरा पास करून द्या. तेवढं झालं की छापखान्याला वेष्टन सांगतो.”

नाकोबाने डोळे मिटून वडी हुंगली आणि ठसकलाच.

“शी! कसला उग्र भपकारा आहे! डोकं उठलं माझं! कुणी बनवलाय हो हा साबण?”

मॅनेजर चुळबुळले. त्यांनी एकवार दाराकडे पाहिलं.

“साहेब, तुमचीच रातराणी आहे.”

मांडीवर ठमी शिंकली. नाकोबाने वडी हळूच खोक्यात ठेवली आणि गाऊनची बाही नाकावर धरून म्हणाला, “बिनवासाचा काढू या का एखादा?”