वाळूत हात घालणारा काळूराम

काळूराम भाऊजींनी हात घातला नाही अशी वाळू आमच्या गावात उरली नव्हती. आमच्या गिलाव्यासाठी वाळू पडली, तर मी चहा टाकेपर्यंत हा शेजारी ढिगात कोपरापर्यंत! वर म्हणतो, "वरचं काय खरं नाय, वयनी. पोटात ओल हाय." संध्याकाळी मी ढिगावर ताडपत्री घातली. माणसाचा काय भरवसा?

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. गावात नळ यायचा होता. उन्हाळ्यात नदी आटली की आम्ही बाया वाळूत डवरा खणायचो आणि झिरपेल तसं वाटीवाटीने हंडे भरायचो. हे महाशय मात्र एकटेच उकरायचे, खड्डा बुजवायचे आणि वरून हात फिरवून वाळू सारखी करायचे. सरळ माणूस खड्डा बुजवेल कशाला? कोणी म्हणे गुप्तधन, कोणी म्हणे करणी. मला वाटे, पाणी सापडलंय आणि लपवतोय. विचारलं तर सांगत, पौषात, म्हशाच्या जत्रेला ओल बोटभर खाली असते, शिमग्याला कोपराला लागते, वैशाखात खांदा बुडाला तरी लागेल याचा नेम नाही. आणि उघडी ठेवली तर ऊन तीही पिऊन टाकतं. ऐकायला बरं होतं. माझा विश्वास बसला नाही.

त्यांची बायको मंजुळा काही वर्षांपूर्वीच किन्हवलीला माहेरी निघून गेली होती. त्याआधी इथेच लांबच्या डवऱ्यावरून हंडा आणताना ती चढावर पडली आणि पोटातलं मूल गेलं. दाराशी पाणी असेल तेव्हाच येईन, असं सांगून गेली. गाव ते विसरूनही गेलं.

एका वैशाखात भाऊजी दारात उभे. हाताला ओली वाळू. म्हणाले, जरा चला. एकटी जायला मी काय खुळी? सासूला सोबत घेतलं.

त्यांच्या परसाखालीच नदीचा काठ. तिथे मी वाळूत हात घातला. वर चटका बसत होता, मग कोमट, आणि कोपर बुडालं तशी बोटं गार पडली. बोटांभोवती पाणी जमायला लागलं. दरसाल हा माणूस ओलीचा माग काढत, उकरत उकरत घराकडे सरकत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग सांगा की मंजुळाला," मी म्हटलं.

"सांगितलं. तिला वाटतं, घरी न्यायला खोटं बोलतोय. तुमी सांगा, वयनी. तुमी कुनाचंच खरं मानत नाय, हे तिला ठावं हाय. तुमचं ती ऐकंल."

सासू म्हणाली, "जा गो."

दुपारच्या एसटीने मी किन्हवलीला गेले.